रिकामा मंगळवार

माझ्या नातीला, मुक्ताला, तिकडे अमेरिकेत एका संस्थेत नोकरी लागली. काम काय, तर संस्थेसाठी लोकांकडून मदत मिळवायची. मागच्या रविवारी फोनवर तिने विचारलं, "आजी, आई म्हणते तू पण फंडरेझिंग करायचीस. तुमची स्ट्रॅटेजी काय असायची?"

"वरण-भात आणि एक गोड पदार्थ," मी म्हटलं.

ती हसली. मागून तिचा धाकटा भाऊ निखिल म्हणाला, "आजी, लिहून काढ ना." त्याला मराठी बोललेलं समजतं, वाचता येत नाही. पण इथल्या मंडळाचे दिवाळी अंकवालेही बरेच दिवस मागे लागले आहेत, तेव्हा एका लेखात दोघांचं काम करते. निखिल, आईला वाचून दाखवायला सांग. ती कंटाळली तर मुक्ताला सांग, तिच्या कामाचंच आहे.

मी मिशनच्या शाळेत शिकले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि टायपिंग शिकले. एवढ्या भांडवलावर हैदराबादेत नारायणगुड्यातल्या एका मराठी मुलींच्या वसतिगृहात चिटणीस म्हणून लागले. परभणी, नांदेड, बीदर या भागांतल्या शेतकरी घरांतल्या मुली तिथे राहून शिकत. त्यांच्या गावांत मुलींसाठी चौथीच्या पुढे काही नव्हतं. इमारत संस्थेची होती, पगार फीतून कसेबसे निघत. राहिलं स्वयंपाकघर. ते चार मोठ्या घरांवर चालायचं. सुगी झाली की अध्यक्ष अण्णासाहेब शेरवानी घालून त्या चार घरी चहाला जात. वसतिगृहाचा विषयसुद्धा काढत नसत. आठवडाभरात ज्वारी, तांदूळ, डाळी, गूळ अशा गाड्या दाराशी लागत. मदत मिळवण्याची आमची पद्धत म्हणजे एवढीच. ती चांगली चालत होती, म्हणून कोणी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. आपलं हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि शहरातला मराठी माणूस कारकुनापासून न्यायाधीशापर्यंत सामान बांधू लागला. तुमच्या आजोबांनी इथेच राहायचं ठरवलं, कारण त्यांच्या आई हलायला तयार नव्हत्या. पण त्या चार घरांपैकी दोन औरंगाबादला गेली, एक मुंबईला. चौथं पुण्याला जायच्या तयारीत होतं, ते खुद्द अण्णासाहेबांच्या व्याह्यांचं.

अण्णासाहेबांनी सभा बोलावली. जुन्या हैदराबादेतले नामांकित वकील, बोलणं मोजकं, मराठीत निम्मे शब्द कचेरीतल्या उर्दूचे. ते म्हणाले, "परीक्षा झाल्या की मुलींना इज्जतीनं घरी पोचवावं. इमारत विकून रक्कम औरंगाबादच्या एखाद्या संस्थेला द्यावी. अर्धपोटी मुली ठेवण्यापेक्षा दार बंद केलेलं बरं." त्यात चूक काही नव्हती. त्यांना मुलींची काळजी होती, म्हणूनच ते तसं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिक माझ्या टेबलाशी आली. परभणीकडच्या खेड्यातली, आठवीतली मुलगी. सभेत पाणी द्यायला तीच होती. तिने विचारलं, "बाई, ट्रंक परीक्षेनंतर भरू की आत्ताच थोडी थोडी भरून ठेवू?" तक्रारीचा सूर नव्हता. मॅट्रिकला अजून दोन वर्षं होती, आणि घरी गेली की ती वर्षं कधी येणार नाहीत हे तिला माहीत होतं, मलाही.

मी अण्णासाहेबांच्या घरी गेले आणि एक वर्ष मागून घेतलं. वर्षभरात स्वयंपाकघर चालवून दाखवते, नाही जमलं तर पुढच्या फाल्गुनात तुम्ही म्हणाल तसं.

"विमलबाई, आपण दारोदार मागणार?" त्यांनी विचारलं.

"मागणार."

"कुणाकडे? मागण्यासारखी माणसं तर गाडीत बसून गेली."

मला इंग्रजी येत होतं, तेव्हा मी इंग्रजीत एक सुरेख विनंतीपत्र लिहिलं. सायक्लोस्टाइल करून आबिड्सच्या पोस्टातून कंपन्यांना, अधिकाऱ्यांना, क्लबांना पाठवलं. एका कंपनीचं उत्तर आलं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. बाकी काही आलं नाही.

खरी सुरुवात झाली ती श्रावणात, आणि माझ्यामुळे नाही. गौळीगुड्यातल्या एक बाई रिक्षाने आल्या. चेहरा उतरलेला. त्यांच्या सासूबाईंचं श्राद्ध उद्यावर आलं होतं आणि जेवायला ब्राह्मण मिळत नव्हते. घरचे गुरुजी कुटुंबासह औरंगाबादला गेलेले, दुसरे म्हणाले, एकट्याने किती घरं करू.

"आमच्या सासूबाईंनी दारातून कुणाला उपाशी पाठवलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आता त्यांच्या नावानं जेवणारं कुणी नाही. तुमच्या मुली जेवतील का?"

मी विचार करत होते. आमच्या रेक्टर दुर्गाताई, ज्या स्वयंपाकघरही बघायच्या, त्यांनी शिवायला घेतलेलं पोलकं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "जेवतील की. त्यांना जेवायला मुहूर्त लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. मुलींनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. माणिकने आमसुलाची चटणी तिसऱ्यांदा मागितली, तेव्हा त्या बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पोरीला चव कळते." जाताना त्यांनी पुढच्या वर्षीची तिथी सांगून ठेवली. मी त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं.

मुक्ता, हे तुझ्यासाठी आहे. माणसाकडे रक्कम मागितली की तो खिशाकडे बघतो. दिवस मागितला की तो आपल्या माणसांकडे बघतो. मी कचेरीचं टेबल सोडलं आणि मागे राहिलेल्या मराठी घरांमधून हिंडू लागले. गौळीगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार. जागीरदार गेले होते, पण शाळामास्तर, कारकून, किराणावाले राहिले होते. वर्षभराचं धान्य यांच्यातल्या कुणाला झेपलं नसतं. एका दिवसाचा शिधा झेपत होता. तुमच्या माणसाची एक तिथी आम्हाला द्या, मुली जेवतील, मी सांगायची. कोणी नाही म्हणेना. मी इतकी खूश झाले की अण्णासाहेबांना जाऊन सांगून आले.

आणि मग पितृपक्ष लागला.

आपल्याकडे वर्षश्राद्ध कोणाचं होतं, कोणाचं राहतं, पण भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यात प्रत्येक घराला पितर आठवतात. जवळजवळ सगळ्यांनी मला तोच पंधरवडा दिला होता. एकेका दिवशी दोन-तीन घरं. खीर, वडे, पुन्हा खीर. एका घराने आपला आचारी आणला आणि दुसऱ्या घराच्या आचाऱ्याशी चुलीवरून त्याचं वाजलं. तिसऱ्या घरचे काका मला म्हणाले, "आमचे वडील हेडमास्तर होते, त्यांची खीर दुसऱ्या नंबरला कशी वाढता?" मुली पहिल्या दोन दिवशी नाचल्या, पाचव्या दिवसापासून ताटावर बसून साधी भाकरी मागू लागल्या.

अशाच एका दुपारी माणिकचे वडील आले. डोक्याला पटका, खांद्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. लेकीने पत्रात रोज खीर-वडे असतात असं लिहिलं होतं, म्हणून खुशीत आले होते. पंगत बघितली, वाढणाऱ्याला काय आहे ते विचारलं आणि थेट माझ्यापुढे उभे राहिले.

"बाई, रोज कुनाचं तरी सराद. माझी पोर काय पिंडावरचा कावळा हाय का?"

मी त्यांना सगळं समजावलं. राज्य कसं वाटलं गेलं, मोठी घरं कशी गेली, आता हा मार्ग कसा काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. म्हंजी मानूस मेलं की पोरी जेवत्यात. आन् पुढल्या मंगळवारी कुनी मेलेलं नसंल, तर काय खात्यात?"

दुर्गाताई दारात उभ्या होत्या. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "तेच मी बाईंना सांगणार होते. पक्ष संपला की कोठीत फार नाही."

माणिक खांबाआडून ऐकत होती. तिचे वडील तिला नेणार की ठेवणार, ते त्या क्षणी ठरत होतं. शेवटी त्यांनी खांद्यावरचं गाठोडं उतरवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरीला. पीठ ठेवतो. ह्ये जित्या मानसाच्या नावानं. माझ्या माणिकच्याच नावानं धरा."

ते गेल्यावर मी बाजारातून एक मोठं कॅलेंडर आणलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं आणि मिळालेल्या दिवसांवर दुर्गाताईंना कुंकवाची बोटं लावायला सांगितली. भाद्रपदाची एक बाजू लाल झाली. पुढे पान उलटलं तर कार्तिक, मार्गशीर्ष, पौष पांढरेफटक. मंगळवारांना तर कोणी हातच लावला नव्हता. आम्ही त्या दिवसांना रिकामे मंगळवार म्हणू लागलो, वार कुठलाही असो.

मग मी पुन्हा त्याच घरांत गेले. हे पहिल्या वेळेपेक्षा अवघड होतं. दिलेलं नाकारायचं नव्हतं, फक्त सरकवायचं होतं. वडिलांना पितृपक्षात घरी जेवू घाला, मी म्हणायची, आणि आम्हाला मार्गशीर्षातला साधा दिवस द्या. नातवाच्या वाढदिवसाचा द्या, लेक पास झाली त्याचा द्या. एका गृहस्थांना काही केल्या पटेना. "पण भलत्याच दिवशी केलेलं वडिलांना पोचेल का?"

दुर्गाताई त्या दिवशी माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "पोचवणारा तोच आहे ना? मग वाराची चौकशी तो कशाला करील?" गृहस्थ हसले आणि पौषातला एक बुधवार दिला.

दिवस देणाऱ्यांपैकी सगळ्यांत लक्षात राहिलेले म्हणजे आबिड्सचे घड्याळवाले हाशमसाहेब. वसतिगृहाचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला नेलं होतं. ते कानाशी धरून हाशमसाहेब म्हणाले, "बाई, ये तो पीछे चल रा. बच्चियां खाना देर से खातीं क्या?"

"वेळेवर खातात, पण खायला काय असेल ते सांगता येत नाही," मी म्हटलं, आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "हमारी अम्मी की बरसी आती. उस दिन का अनाज हम भेजते. लेकिन एक बात है बाई, हमारी तारीख हर साल सरक जाती. तुमारे क्यालेंडर में बैठती नै."

"सरकू द्या," मी म्हटलं.

समितीतले एक सभासद कुजबुजले की शिधा कोणाकडून घ्यायचा याला काही मर्यादा असावी. दुर्गाताई म्हणाल्या, "ते शिजवणार नाहीत, मी शिजवणार आहे. तुम्हाला माझ्या हातचं चालतं ना?" विषय तिथेच संपला. आणि पुढच्या वर्षांत एक गंमत झाली. चंद्राच्या हिशेबाने हाशमसाहेबांच्या अम्मींचा दिवस दरवर्षी मागे मागे सरकत गेला. पौषातून मार्गशीर्षात, मग कार्तिकात. आमच्या पांढऱ्या महिन्यांतून त्या माउली एकेक करून फिरून आल्या. कॅलेंडरवर त्यांचं बोट दरवर्षी नव्या चौकोनात लागायचं आणि दुर्गाताई म्हणायच्या, "अम्मी यंदा इकडे आल्या वाटतं."

दुसरे आठवतात ते निवृत्त तहसीलदार आप्पाराव. बायको गेल्याला थोडेच दिवस झाले होते. त्यांनी दिवस दिला आणि अट घातली की तिच्या आवडीची कारल्याची भाजीच करायची, आणि ते स्वतः समोर बसून बघणार. सगळ्या मुलींनी निमूटपणे कारलं गिळलं. माणिक मात्र पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "आजोबा, आजींना कारलं खरंच आवडायचं?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. आप्पारावांनी तिच्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला आवडायचं. ती करायची रोज."

"मग त्यांना काय आवडायचं?"

"ते," आप्पाराव म्हणाले, "विचारायला पाहिजे."

ते खरोखर विचारत गेले. मेहुणीला पत्र घातलं, बायकोच्या लहानपणच्या मैत्रिणीला सोलापूरला जाऊन भेटले. माघात आले ते कवठांची पिशवी घेऊन. "कवठाची चटणी," ते म्हणाले, "गूळ घालून. चाळीस वर्षांच्या संसारात घरात एकदाही झाली नाही, कारण मला वास सोसत नसे." मुलींबरोबर बसून त्यांनी ती बोटाने चाटून खाल्ली. त्यानंतर आम्ही एक नियम केला. गोड काय, तिखट काय, ते दिवस देणाऱ्याने ठरवायचं, पण एक पदार्थ मुली सांगतील तो. आणि जेवणानंतर एक मुलगी दिवस देणाऱ्याला आपल्या हाताने पत्र लिहील, काय खाल्लं आणि कसं झालं होतं ते खरं खरं. मी शुद्धलेखनसुद्धा सुधारायची नाही. माझ्या सुरेख इंग्रजी विनंतीपत्राने जे केलं नाही ते "भात जरा कच्चा होता पण शिरा लई भारी" या वाक्याने केलं. ते पत्र मिळालेल्या काकू पुढच्या वर्षी दोन दिवस घेऊन आल्या आणि भातावर स्वतः उभ्या राहिल्या.

फाल्गुन आला. सभा स्वयंपाकघरात घ्यावी अशी मी विनंती केली, म्हणजे भिंत सगळ्यांना दिसेल. चैत्रापासूनचे दिवस बऱ्यापैकी लाल झाले होते. पण आषाढ तसाच होता. शाळा नुकत्याच उघडलेल्या, लग्नसराई संपलेली, घरोघरी वह्या-पुस्तकांचा खर्च. त्या महिन्यातले दिवस मला कोणी दिले नव्हते. अण्णासाहेबांनी चष्मा लावून ते पान नीट पाहिलं.

"विमलबाई, आपण कमाल केलीत, मी कबूल करतो," ते म्हणाले. "पण महिनाभर मुली काय खातील? वर्षाची सुरुवातच उपासानं?"

इमारतीला गिऱ्हाईक होतं, हे मला ठाऊक होतं. माणिक चुलीपाशी भांडी पुसत होती, म्हणजे एकच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत होती. वर्षभर शेकडो दारांत जे केलं तेच करायचं राहिलं होतं.

"अण्णासाहेब," मी म्हटलं, "यातला एक दिवस आपण घ्याल का?"

अध्यक्षांकडे कोणी काही मागत नसे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"इतक्या वर्षांत," ते हळू म्हणाले, "मला हे कुणी विचारलंच नाही."

खरंच होतं ते. दुसऱ्यांच्या दारी चहाला जाणारे ते. त्यांच्या दारी जायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही वर्षभर नाही. जो सगळ्यांत जवळ उभा असतो त्याच्याकडे मागायचं राहून जातं. मुक्ता, हे तुमच्याकडेही होत असेल.

ते उठले, कॅलेंडरपाशी गेले आणि आषाढातल्या एका मंगळवारावर बोट ठेवलं. दुर्गाताई कुंकवाची वाटी घेऊन आल्या आणि सवयीने विचारलं, "कुणाच्या नावे लावू?"

"नाव कशाला?" अण्णासाहेब म्हणाले. "मंगळवार आहे. मुलींना भूक लागणारच."

मग त्याखालचे पुढचे मंगळवारही त्यांनी घेतले. त्यांच्यानंतर बाकीच्या सभासदांना बसून राहणं शक्यच नव्हतं. मर्यादा असावी म्हणणाऱ्यांनी गुरुवार घेतला. इमारतीचा विषय त्या दिवशी कागदावर होता, पण निघाला नाही. सभा संपल्यावर माणिकने मला विचारलं, "बाई, मग ट्रंक?" मी म्हटलं, "पलंगाखाली सरकव."

ती मॅट्रिक झाली, मग नर्सिंगला गेली, नांदेडच्या दवाखान्यात तिची सगळी नोकरी झाली. आषाढातला एक दिवस आज तिचा आहे. खीर करायची नाही, एवढीच तिची अट असते.

मी त्या कामात तीसेक वर्षं होते. पुष्कळ काही जमलं नाही. मराठी मुली हळूहळू यायच्या थांबल्या, त्यांना त्यांच्या राज्यात शाळा मिळाल्या, हे चांगलंच झालं. तरी पंगतीत मराठी ऐकू येईनासं झालं तेव्हा मला चुकल्यासारखं व्हायचं. आता तिथे महबूबनगर, नलगोंडा अशा बाजूच्या तेलुगू मुली असतात. दुर्गाताईंच्या नावाचा दिवस आम्ही कधी ठेवला नाही, कारण त्या म्हणायच्या, माझा रोजचाच आहे. त्याची हळहळ वाटते. पण मला आयुष्यात शिकलेली, न शिकलेली, देणारी, घासाघीस करणारी जी माणसं भेटली, ती या कामामुळे भेटली. घरात बसून सुरेख इंग्रजी लिहीत राहिले असते तर एकही भेटलं नसतं. त्या सगळ्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि माझं ऐकून घेतलं. एवढं ऋण फार झालं.

आता शेवटचं, निखिल आणि मुक्ता. तुम्ही दोघं माझ्या वाढदिवसाला पार्सलने काहीतरी पाठवता. मागच्या वेळी पायांना मसाज करणारं यंत्र आलं, ते कपाटावर आहे. यंदा तसलं काही नको. मी गेल्यावर माझ्या नावाने काही कराल, तर पितृपक्षात करू नका, तिथे गर्दी असते. पण तोपर्यंत थांबायचं तरी कशाला? यंदाच आषाढातला एखादा मंगळवार घ्या. मी जिवंत आहे तोवर घ्या, म्हणजे कुकटपल्लीहून ऑटोने नारायणगुड्याला जाऊन मुलींच्या पंगतीत मला जेवता येईल. नंतर एक मुलगी तुम्हाला पत्र लिहील. काय खाल्लं, कसं झालं होतं आणि तुमच्या आजीने किती वेळा वाढून घेतलं ते. हल्ली त्या इंग्रजीत लिहितात, तेव्हा निखिल, ते तुला तुझं वाचता येईल.

मी मागते आहे, हे लक्षात आलं ना?